पहिले पाच फूट

ट्रकवरून ड्रिलिंगचं मशीन उतरायच्या आधी आमचे फोरमन गावडे साइटवरून गायब व्हायचे. तासाभराने यायचे ते शेजारच्या वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्याला सोबत घेऊन. म्हातारा हातवारे करत सांगायचा, इथे विहीर होती, तिथून पाइप गेलाय, आणि गावडे चुन्याने जमिनीवर खुणा करायचे. मी भूगर्भशास्त्राचा पदवीधर, हातात रीतसर नकाशा घेऊन उभा असायचो. माझ्याकडे कोणी बघायचंसुद्धा नाही.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा सुमार असेल. कारखान्यांचं सांडपाणी जमिनीत किती खोल मुरलंय हे तपासायला आमची अंधेरीची छोटी कंपनी उपनगरांत बोअर घ्यायची. कामगारांच्या सुरक्षेची योजना लिहिणं माझ्याकडे होतं. मी ती टाइप करून, फायलीत घालून द्यायचो. गावडेंची योजना दोन वाक्यांत संपायची, "पयले पाच फूट हातान. मगे मशीन." मालवण सोडून तीस वर्षं झाली तरी बोली तीच. मी घाई केली की म्हणायचे, "सायबानू, जमिनीच्या पोटात काय आसा ता तुमका दिसता? माका तरी दिसना नाय."

कामगार हसायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. डबा खायला सगळे त्यांच्याभोवती. बॉससुद्धा माझी फाइल न उघडता विचारायचे, "गावडे काय म्हणतात?" मी जळायचो. दुसरा शब्द नाही त्याला.

नाहूरला एका बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यातलं काम आलं, तेव्हा गावडे गणपतीला गावी निघाले होते. मला हीच संधी वाटली. नकाशात जागा मोकळी होती. ते गेल्यावर मी कामगारांना सांगून टाकलं, "हाताने खणणं बंद. उद्या नऊला थेट मशीन लावायचं."

नऊला पोचलो तर खड्डा तयार. चार फुटांवर विटांची ओळ लागली होती आणि विटांखाली मनगटाएवढी विजेची केबल, शेजारच्या चालू कारखान्याला जाणारी. माझ्या नकाशात ती नव्हतीच.

"गावडेकाकांनी जाताना शपथ घातलेली, साहेब," आमचा जुना कामगार शंकर म्हणाला. "तुम्ही ओरडाल म्हणून सातलाच येऊन खणलं."

मशीन शंकरच चालवायचा. तो वाचला याचा आनंद मला नंतर झाला. आधी राग आला, की इथे नसूनही हा माणूस जिंकला.

गावडे परतल्यावर बॉसने आम्हा दोघांना बोलावलं. "हाताने खणायला कुणी सांगितलं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत गावडे म्हणाले, "सायबांनीच."

बॉसने शाबासकी देत माझा हात हातात घेतला. बाहेर आल्यावर मी गावडेंना विचारलं, "खोटं कशाला बोललात?" त्यांनी पिशवीतून गावाहून आणलेलं गुळाचं खाजं काढून माझ्या हातावर ठेवलं. "नाव कोणाचाय होऊंदे, सायबानू. माणसां घराक पोचली मां?"

ते खाजं मला गोड लागलं नाही. मोठेपणासुद्धा त्यांच्याकडेच राहिला होता.

पुढे काही वर्षांनी गावडे गेले. त्यांच्या तेराव्याला घाटकोपरच्या चाळीत कामगारांची रांग जिन्यावरून खाली उतरली होती. माझ्या वेळी एवढे येतील का, असं मला त्या रांगेत उभं असतानाही वाटून गेलं.

नंतर मी कंपनीचा प्रमुख झालो. माझ्या प्रत्येक योजनेत पहिलं कलम तेच असायचं, पहिले पाच फूट हाताने. नवे इंजिनीअर त्याला 'साहेबांचा नियम' म्हणायचे. तो कुणाचा, हे मी त्यांना एकदाही सांगितलं नाही.