चौथी मेणबत्ती आणि बाजरीचं पीठ

दिवाळीच्या सुट्टीत मी पळसदेवला घरी होते, तेव्हा बारामतीहून, मी राहायचे तिथल्या शेजारच्या काकूंचा फोन आला. माझ्या घरमालकीण मार्था मावशी गेल्या. मी आईला सांगितलं, तर ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "खरं हाय का? कोण सांगत हुतं?" एवढंच तिने विचारलं. आईचं असंच... बातमी चांगली असो की वाईट, तिला आधी संशय येतो. मी एकटीच एसटीने गेले आणि मावशींना माती देऊन आले.

मावशी ख्रिस्ती, शाळेतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. कॉलेजसाठी मी त्यांची मागची खोली घेतली होती. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे परक्या घरी मुलगी कशी ठेवायची, हे आईला सांगणारं कुणी नव्हतं. मावशी मला जेवायला वाढत, तापात उशाशी बसत, आणि त्याचं काही घेत नसत. आईला नेमकं तेच खुपायचं. "फुकट कोण कुणाचं करतंय? त्यांला काय पायजे ते कळू दे, मग तुला घेऊनच येते." म्हणजे कॉलेज संपलं, हे मला कळत होतं. खरं तर मलाही कोडं पडायचं. मावशी माझ्याशी धर्माबद्दल अवाक्षर काढत नसत, मग त्याचाही संशय यायचा.

गेल्या वर्षी त्यांचा आगमनकाळ सुरू झाला. नाताळाच्या आधीच्या चार रविवारी त्या मेणबत्त्या लावत, दर रविवारी एक वाढवत. आशेची, शांतीची, आनंदाची आणि शेवटची प्रीतीची. मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्या रविवारी त्यांनी काडेपेटी माझ्याकडे दिली, आणि मी चारही लावून टाकल्या. देवापुढं मांडलेला दिवा न पेटवता ठेवायचा नाही, एवढंच मला माहीत. मावशींनी तीन विझवल्या. "प्रीती पहिल्याच दिवशी पेटली, तर मग वाट कशाची बघायची गं?"

पुढच्या आठवड्यात त्यांनी घरी न्यायला केकचा डबा दिला. आईने पहिला तुकडा कोंबडीला घातला. दुसऱ्या दिवशी कोंबडी अंगणात हिंडताना दिसली, तेव्हा कुठे आईने चव घेतली. डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून तिने त्यात बाजरीचं पीठ भरलं. मावशींनी ते हुंगून पाहिलं आणि विचारलं, एवढं का बरं दिलं असेल? मला हसू आलं. दोघी सारख्याच.

चौथ्या रविवारी न कळवता आई आली. चटईच्या कडेला बसली, चहाला हात लावला नाही.

"बाई, तुमाला माझ्या पोरीकडनं काय पायजे?"

मावशींनी आपला कप खाली ठेवला.

"हवंय ना," त्या म्हणाल्या. "रविवारी संध्याकाळी हे घर मला खायला उठतं. तेवढा वेळ ही इथं असावी. म्हणजे सुट्टीची ती तुमच्याकडे येणार नाही. तुमच्या वाट्यातलंच मागतेय मी, आणि ते थोडं नाही."

आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "मग आदीच सांगायचं की. किती दिस जिवाला घोर माझ्या." तिने गार झालेला चहा पिऊन टाकला. मावशींनी काडेपेटी तिच्यापुढे सरकवली. चौथी मेणबत्ती आईने लावली... आणि नंतर बाहेर येऊन मला हळूच विचारलं, "एवढंच आसंल न्हवं?"

मी कॉलेजात राहिले, रविवार मावशींचे झाले.

आता पुन्हा आगमनकाळ आलाय. मावशींच्या घराला त्यांच्या भाच्याने कुलूप लावलंय, मी वसतिगृहात असते, आणि रविवारी घरी जाते. दिवाळीला निघताना मावशींनी दिलेला डबा आमच्या फळीवर आहे. आई त्यात बाजरीचं पीठ भरून ठेवते. ते पीठ लवकर कडवट होतं, म्हणून चार दिवसांनी त्याच्या भाकरी करते आणि ताजं दळून पुन्हा भरते. कुणासाठी, असं मी या रविवारी विचारलं. तिने झाकण दाबून बसवलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"माती देताना तू सोता बगितलंस न्हवं त्यांला?"

"व्हय, आई."

"नीट?"