करीमचाचाचं गाणं

आधीच सांगून ठेवतो... याच्यात पिंपळ नाई, पांढरं लुगडं नाई, उलटे पाय बी नाईत. त्याच्यासाठी बसले असान तं उठा, गुरंढोरं पाहा. जे झालं ते भरदुपारी झालं, पंधरा-वीस माणसाईच्या देखत. अन तवा सारे हासून रायले होते.

अन मी असल्या गोष्टी मानणारा बी नव्हतो. अंगात आलेल्या बाईची नक्कल करून मी अख्खं आवार हासवलं हाय. साळेत चार बुकं शिकलो, पण खरं शिकलो तो मास्तरचा खोकला. मी खोकललो की वर्ग चूप! नकला हाच आपला धंदा — पोटाचा सोडून.

पोटाचा धंदा म्हणजे अकोल्यात, मोर्णेच्या काठी, एका व्यापाऱ्याच्या आवारात कापूस भरणं. अमेरिकेत लढाई लागली म्हणून विलायतेले आपला कापूस पायजे झाला, असं मुकादम सांगे. आमाले येवढंच माईत की दर्यापूरकडून गाड्यावर गाड्या येत, अन भाकर खायाले फुरसत नसे.

भरायची रीत अशी — लाकडाच्या घोडीले माणसाहून उंच पोतं टांगायचं अन एक माणूस आत उतरवायचा. वरून कापूस टाकायचा, त्यानं पायानं तुडवायचा. कापूस चढे तसा तोही वर चढे. पण सुरवातीले तो खोल असे, दिसत नसे, अन आत तंतू उडून श्वास कोंडे. म्हणून नेम होता, आतल्यानं गात राहाचं. गाणं बंद पडलं की वरच्यानं त्याच्या कंबरेची दोरी ओढाची. तुडवणारा करीमचाचा, अन मचाणावर उभा राहून दोरी धरणारा... मी.

चाचा गाये, "सुन री मैना, दूर है जाना." पण पोत्यातून, कापसातून गाळून ते बाहेर आलं की रेच्यावर, म्हणजे हातचरकावर, सरकी काढणाऱ्या बायाईले ऐकू ये, "सून महिना दूध खायेना." त्याईतली म्होरकी गोदामाय. तिनं तं पुढची ओळ बी जोडली — "काहून खायेना, मायले सांगा!" हप्ताभरात ते गाणं पाणवठ्यावर गेलं. म्या चाचाले सांगतलं तं तो पोट धरून हासला. "मेरी मैना को बहू बना दिया रे तुम लोगों ने!" अन दुसऱ्या दिवसापासून तो बी तेच गाऊ लागला.

माह्या बी खोडी होती. चाचा दमाले थांबला की पुढची ओळ मी वरून त्याच्याच आवाजात घेत होतो. तोच घोगरा सूर, शेवटाले तोच हुंकार. बाया हासत. मले तेवढं पुरे.

त्या दिवशी वारा सुटला होता, कापूस वाळून कोरडाठाक. चाचा अर्ध्या ओळीत थांबला. मले समजलं, थांबला. दोरी माह्या हातात होती... खोकत असन, असं वाटलं. म्या ओळ उचलली.

"आज चाचाचा गळा भल्ला मोकळा हाय बाप्पा!" खालून गोदामाय म्हणे.

म्हणजे ती फसली! मंग काय, मले चेव आला. दुसरी ओळ घेतली, तिसरी घेतली. चौथ्या बारीले "सून महिना" म्हणाले तोंड उघडलं, अन तोंडातून निंघालं — "खेंच. बेटा, खेंच."

आवाज चाचाचाच. पण मी जो काढतो तो नाई. मी गळ्यातून काढतो, हा पार पोटातून आला, दम नसल्यासारखा. जिभेवर कापसाची चव होती. अन मनात तसं म्हणाचं काहीच नव्हतं हो... आईची आण.

बाया खदखदा हासल्या.

मी दोरी ओढली. मुडद्यावानी जड. "ओढू लागा रे! चाचा आत कोंडला!" — हे माह्या आवाजात.

"आता हे कोन्ती नक्कल व्हय लेका?" गोदामायनं इचारलं.

"पुरे तुही नौटंकी, काम कर!" मुकादम.

कोनी उठलं नाई. उठणार काहून? आदल्याच हप्त्यात म्या "साप, साप" करून सारे पळवले होते. मी मचाणावरून उडी टाकली, विळा घेतला अन पोतं उभं फाडलं. पोतं फाडलं म्हणून मुकादम काठी घेऊन धावला... अन तितक्यात त्या चिरेतून चाचाचा हात बाहेर लोंबला.

मंग सारे धावले. ओठ निळे पडले होते. गोदामायनं तोंडात बोटं घालून कापसाचा बोळा काढला अन पाठीवर धपाटे घातले. मोठ्या वेळानं चाचा खोकलला. त्या खोकल्याची नक्कल मले आजवर जमली नाई. केलीच नाई म्हणा.

तिसऱ्या दिवशी चाचाच्या घरी गेलो. तो बाजेवर निजला होता. म्या इचारलं, "चाचा, आतून 'खेंच' म्हणून हाक मारली होती ना तुमी?"

"नहीं," तो म्हणे. "गला बंद था. सिर्फ कान खुले थे. ऊपर सुना, तो मैं गा रहा हूँ. सोचा, मैं तो ऊपर पहुँच गया. फिर ये नीचे जो पड़ा है, पड़ा रहने दो इसको. मैंने हाथ-पाँव मारना छोड़ दिया."

मंग "खेंच" कोन म्हणलं? साळेतला मास्तर म्हणे, तुह्याच भेवानं तुले बोलाले लावलं. असन. पण मी मलेच "बेटा" कसा म्हणीन? अन ती चव? मले आजही उलगडलं नाई. तुमाले उलगडलं तं कळवा.

म्या चाचाचे पाय धरले. वाटलं, जीव वाचवला म्हणून काही गोड बोलन. तो कष्टानं उठून बसला, माहा कान पकडला अन म्हणे, "सुन बे गधे. मुकादम की नकल कर, बकरी की कर, मेरे मरे हुए बाप की कर. पर जो आदमी गा-गा के बता रहा है कि मैं जिंदा हूँ... उसकी बारी में मत गाया कर."