पट्ट्यांचा परकर

कमरेला काळा पट्टा नसलेली बाई आमच्या घरात नव्हती. नाडी रोज त्याच जागी आवळायची, मग कातडी काळवंडणारच. त्यात बघायचं काय? माझ्या पट्ट्यावर डाव्या बाजूला जखम झाली तेव्हाही मी हळद लावली आणि वरून नाडी आणखी घट्ट बांधली. जिंतूरच्या मुलींच्या शाळेत मी शिकवत होते. फळ्यावर लिहिताना साडी सुटली तर, ही भीती जखमेहून मोठी होती.

जखम भरेना, वास यायला लागला. शेवटी नवऱ्याला सांगितलं. औरंगाबादला जायचं ठरलं आणि नामांतराच्या दंगली पेटल्या, एसटी बंद पडल्या. लोकांची घरं जळत होती आणि मला मात्र हायसं वाटत होतं, की चला, परक्या पुरुषाला कंबर दाखवणं टळलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही.

गाड्या सुरू झाल्यावर गेलो. दवाखान्यात जखमेचा तुकडा तपासला. कातडीचा कॅन्सर निघाला. "या जागी क्वचितच होतो," म्हणत डॉक्टरांनी शिकणाऱ्या पोरांना बोलावलं. मी डोळे मिटून घेतले; धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं. पुढे भोवतालच्या चांगल्या कातडीसकट तो भाग कापून काढला आणि मांडीची पातळ कातडी तिथं लावली. रोग पसरला नव्हता. "बऱ्या व्हाल, पण कमरेला नाडी बांधायची नाही," डॉक्टरांनी बजावलं. सगळे दिवस सासूबाई माझ्या उशाशी होत्या.

शिंप्याला कोणत्या तोंडानं सांगणार? परकराला खांद्यावरून पट्ट्या मीच शिवल्या. साडी त्यात सैलसर खोचायची. शाळेत मुली तोंडावर हात धरून खुसखुसायच्या, घरी सासूबाई हसायच्या.

"परकर हाय का झबलं गं हे?"

त्या जन्मभर नऊवारी नेसलेल्या. नऊवारीच्या आत परकर नसतोच, गाठ थेट कमरेवर.

एका दुपारी मी कपडे वाळत घालत होते. त्या जवळ आल्या, परकराची पट्टी चाचपून बघितली.

"असला एक मला बी शिव."

"आत्याबाई, तुमाला कशाला परकर?" मी हसले.

त्या हसल्या नाहीत. मला मोरीत नेऊन त्यांनी गाठ सोडली. तो वास माझ्या ओळखीचा होता. आपण हसलो, याची इतकी लाज वाटली की मला मान वर करता येईना.

"कवापासून हाय हे?"

"तुज्या आदीपासून."

"मग दवाखान्यात होतो तवा का न्हाई बोललात?"

"तुज्याभोवती ती पोरं उभी ऱ्हायलेली बगितली ना मी," त्या म्हणाल्या आणि खाली बघत पुन्हा गाठ बांधायला लागल्या, नेहमीसारखी घट्ट.