चुन्याच्या डब्यातलं काळं

ती घटना आठवली की आजही आधी वास येतो. गाडीच्या जळक्या ऑइलचा, आणि त्यावर चोळलेल्या खोबरेल तेलाचा. मी तेव्हा नांदेड शहरातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर बाकड्यावर एक माणूस बसला होता. तोंड, कान, मान, पांढऱ्या शर्टाची कॉलर, सगळं काळंभोर. आमचा हवालदार घरून तेलाची बाटली आणि जुनी लुंगी घेऊन आला होता आणि त्याचं तोंड पुसत होता. पुसलं की ते आणखी पसरत होतं.

हा माणूस क्रिकेटचा कॉमेंटेटर. मुदखेडचा राहणारा. आमच्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा बारमाही चालतात आणि त्या मोबाइलवर लाइव्ह दाखवणारे चॅनेलही झाले आहेत. त्यातल्या एकावर हा बोलायचा. गावरान बोली, फटकळ जीभ. लोक मॅच बघायला नाही, त्याचं बोलणं ऐकायला चॅनेल लावायचे. माणूस वाईट होता असं मला आजही वाटत नाही. टाळ्यांची चटक लागलेला माणूस होता, आणि ती चटक फार वाईट.

त्या आधीच्या आठवड्यात एका स्पर्धेत पूर्व आफ्रिकेतून शिकायला आलेला एक मुलगा खेळला. फार्मसीचं शेवटचं वर्ष. कॉलेजच्या मित्रांनी त्याला संघात घेतलं होतं. उंच होता, बॉलिंग वेगात टाकायचा. त्यानं दांडी उडवली तेव्हा कॉमेंटेटर म्हणाला, “लाइट लावा रे कुणीतरी, बॉलर दिसंना झालाय.” मैदान हसलं. मैदान हसल्यावर हा थांबतो होय? पुढं तो त्याच्या केसांवर घसरला, आणि शेवटी त्यानं एका जनावराचं नाव घेतलं. ते मी इथे लिहीत नाही. मला तेव्हा दोन पंचांसमोर लिहून घ्यावं लागलं, तेवढं बस.

पहिल्या रात्री त्या बोलण्याची क्लिप लोकांनी हसून एकमेकांना पाठवली. मग विद्यापीठातल्या काही मुलांनी आक्षेप घेतला, मोठ्या वाहिनीनं बातमी केली, आणि सकाळपर्यंत वारं फिरलं. माझ्या केबिनपुढे निवेदनं देणाऱ्यांची रांग लागली. निवेदन द्यायचं म्हणजे फोटो आलाच. मी खुर्चीतून उठायचं, कागद हातात घ्यायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं, पुन्हा बसायचं. कुणी म्हणे त्याला अटक करा. कुणी म्हणे गरिबाच्या पोराला फाशी देता काय, थट्टाच केली ना. दोन्हीकडची माणसं तावातावानं बोलायची आणि बाहेर पडून एकाच टपरीवर चहा प्यायची. त्या मुलाकडे मात्र एकजणही गेलेला नव्हता. मी प्रत्येकाला विचारत होतो. “जाऊ की साहेब,” एवढंच उत्तर.

सगळ्यात मोठं निवेदन आणलं त्या स्पर्धेच्या आयोजकानं. हा एका नेत्याच्या मागं फिरणारा कार्यकर्ता, पोरं त्याला भाऊ म्हणायची. फोटोवाल्यानं त्याला जरा सरकायला सांगितलं, त्यावर तो मोठ्यानं हसला. हसता हसता त्याला ठसका लागायचा आणि हसणं खोकल्यात संपायचं. मी पाणी मागवलं. हे लक्षात ठेवायचं काही कारण नव्हतं, पण नोकरीनं अशा बारीकसारीक गोष्टी साठवायची सवय लावली होती.

एवढं झाल्यावर दोन दिवसांनी सकाळी कॉमेंटेटरला त्याच्या चॅनेलच्या स्टुडिओबाहेर गाठलं आणि काळं फासलं.

फिर्यादीत त्यानं सांगितलं, की तोंडाला रुमाल बांधलेली पोरं आली, दोघांनी हात धरले, एकानं डबा ओतला. आणि शेवटी म्हणाला, “बाजूला तो आफ्रिकेचा उभा होता, साहेब. त्याच्याच सांगण्यावरून झालं.”

इथून मला खरा घोर लागला. तो मुलगा परदेशी. व्हिसाची मुदत संपत आलेली, वाढवून मिळायची होती. गुन्ह्यात संशयित म्हणून नाव गेलं असतं तर मुदतवाढ अडकली असती, आणि शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर पोरगं सामान बांधून परत गेलं असतं. वरून साहेबांचा फोन आला. “विचारणा होऊन राहिली आहे. फिर्यादी नाव घेतो ना? मग नाव घ्या आणि मोकळे व्हा.” मी संध्याकाळपर्यंत वेळ मागितला. साहेब वैतागले, पण नाही म्हणाले नाहीत.

मुलाला चौकशीला बोलावलं. हवालदारानं फिर्यादीला आतल्या खोलीत न्यायला हवं होतं, ते राहून गेलं. मुलगा दारातून आत आला आणि बाकड्यावरच्या माणसासमोरच उभा राहिला. कॉमेंटेटरनं मान खाली घातली. तोंडावरचं अर्धंच निघालं होतं. मला म्हणाला, “असलं तोंड घेऊन घरी कसं जावं, साहेब? गल्लीत लोक बघतील. लेकरं भितील.” आणि तो रडायला लागला.

मुलाला मराठी कळत होतं. केबिनमध्ये येऊन बसला. हिंदीत बोलला, मी मराठीत देतो. “सर, त्याला काय शिक्षा केली त्यांनी?”

“तोंडाला काळं फासलं. आमच्याकडे एखाद्याचा अपमान करायचा असला की तसं करतात.”

“काळंच का?”

“पद्धत आहे,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. “मी रोज असंच तोंड घेऊन घरी जातो, सर.”

तीस वर्षांहून जास्त नोकरीत मला आरोपींनी शिव्या दिल्या, बायाबापड्यांनी तळतळाट दिले. त्या पोरानं साधा आवाजसुद्धा चढवला नाही, आणि मला त्याच्याकडे बघवेना. मी लेखनिकाला बोलावलं आणि जबाब सुरू केला, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

घटनेच्या वेळी कुठे होतास? खोलीत. कुणी पाहिलं? कुणीच नाही. का नाही? “क्लिप आल्यापासून मी बाहेर पडत नाही. पोरं गाडीवरून जाताना ते जनावराचं नाव घेतात.” म्हणजे बघा, ज्या बोलण्यानं त्याला खोलीत कोंडून घातलं, त्या कोंडण्यामुळेच त्याच्या बाजूनं बोलणारा साक्षीदार उरला नव्हता. घरमालकीण होत्या, मूळच्या उदगीरकडच्या, घरचं किराणा दुकान. जीव तोडून सांगत होत्या, “पोरगं लई गुणाचं हाय, साहेब. खाली उतरनाच झालंय. जेवणाचा डबा दारात ठेवला तर तसाच ऱ्हातो.” मी विचारलं, त्या वेळी तुम्ही घरी होता? बाई म्हणाल्या, “न्हाई. दुकानात व्हते.” खरं बोलल्या, पण उपयोग शून्य.

दुपारी ठाण्याच्या फोनवर कुणीतरी बोललं. “त्या पोराला कामून बसवून ठेवलं? फासणारी पोरं मैदानाकडचीच हायेत. माझं नाव इचारू नका.” फोन बंद. अशा निनावी फोनांपैकी बहुतेक जुनी भांडणं काढणारे असतात. पण या माणसाला कुणाला अडकवायचं नव्हतं, एकाला सोडवायचं होतं. असा फोन मी कधी सोडत नसे.

काळं फासल्याचा व्हिडिओ फासणाऱ्यांनीच सगळीकडे पाठवला होता. पुरावा जपायची काळजी हल्ली आरोपीच घेतात, आमचं काम तेवढं हलकं झालं आहे. तोपर्यंत मी त्यात माणसं बघत होतो, आणि माणसांनी रुमाल बांधले होते. आता हातातला डबा बघितला. पत्र्याचा डबा, आत काळं ऑइल, पण काठावरून खाली पांढरे ओघळ वाळलेले. रंगाचे असते तर चकाकले असते. हे खडबडीत होते. चुना. क्रिकेटच्या मैदानावर रेषा आखतात तो.

हवालदाराला घेऊन मैदानावर गेलो. सामानाच्या खोलीत चुन्याचं पोतं होतं, ब्रश होता, डबा नव्हता. रखवालदार म्हणाला, “डबा व्हय? भाऊंची पोरं घेऊन गेली. रंगवायचं काम हाय म्हणले.” डबा स्टुडिओमागच्या नालीत सापडला. पंचांसमक्ष जप्त केला, पंचनामा केला. पोरांना ठाण्यात आणलं तेव्हा मी नावं विचारलीच नाहीत, हात टेबलावर ठेवायला लावले. जळकं ऑइल तोंडावरून तेलानं निघतं, नखांच्या कडेतून निघत नाही. एकानं हात मागं घेतला आणि तिथेच संपलं. “भाऊ म्हणले, तोंडं झाका, पण व्हिडिओ नीट घ्या.”

कारवाईची मागणी करणारा भाऊ. मला कोडं पडलं. निवेदन दिलं होतं, फोटो पेपरात आला होता. मग हे कशाला? आणि पोरांच्या सांगण्यावर एवढा मोठा कार्यकर्ता कबूल थोडाच होणार? त्याला बोलावून बसवलं, चहा मागवला. तो निवांत होता. “पोरं चिडलेली हायेत, साहेब. भावनेच्या भरात केलं असंल. आपल्याला काय माहीत न्हाई.”

मी मोबाइल काढला. मी काळं फासल्याचा व्हिडिओ लावणार असं त्याला वाटलं असणार. मी पहिली क्लिप लावली, मैदानावरची. आवाज मोठा केला. कॉमेंटेटरचं ते जनावराचं वाक्य झालं, आणि माईकच्या अगदी जवळ कुणीतरी खदाखदा हसलं. हसता हसता ठसका लागला, हसणं खोकल्यात संपलं. त्यातच तो आवाज म्हणाला, “हाण, हाण अजून एक.”

“हे कोण हसलं?” मी विचारलं.

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मी पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावायला गेलो तेव्हा म्हणाला, “बंद करा, साहेब.”

“कोण?”

“मीच हाव. पण समदं मैदान हासत व्हतं. माझ्या एकट्याचं काय काढून राहिले?”

“मैदानानं ऑइल नाही फासलं.”

मग तो बोलायला लागला, आणि त्यात लबाडी नव्हती, भीती होती. “रात्री हासणारे लोक सकाळी इचारायले, स्पर्धा कुणाची? बॅनरवर फोटो माझा. आमच्या नेतेसाहेबांनी फोन घेणं बंद केलं. कुणीतरी ती क्लिप नीट ऐकली असती तर माझंच तोंड काळं झालं असतं. त्याच्या आधी मला काहीतरी करून दाखवणं भाग व्हतं.”

“आणि त्या पोराचं काय?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. “कोणत्या पोराचं, साहेब?”

तो कांगावा करत नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं मी कुणाबद्दल विचारतो आहे. सगळ्या प्रकरणात मला थकवलं ते या प्रश्नानं.

कॉमेंटेटरचा पुरवणी जबाब घेतला. त्या मुलाला तिथे पाहिलं होतंस का, नीट आठवून सांग. तो नखं खरवडत म्हणाला, “पाहिलं असं न्हाई, साहेब. वाटलं, तोच असणार. दुसरं कोण करील त्याच्यासाठी?” मी ते तसंच लिहून घेतलं. संध्याकाळी साहेबांना फोन करून आरोपी सांगितले आणि मुलाचा काही संबंध नाही असा अहवाल परदेशी नागरिकांच्या नोंदणी शाखेला पाठवला. बाहेर मुलगा अजून बसलेलाच होता. जा म्हटलं तर म्हणाला, “अंधार पडू द्या, सर. मग जातो.” मी हवालदाराला जीप काढायला सांगितलं.

त्याला व्हिसा वाढवून मिळाला. परीक्षा दिली, पास झाला, गेला. दरम्यान दोन-तीन संघटनांनी त्याचा शाल देऊन सत्कार ठरवला, तो गेला नाही. मैदानावरही पुन्हा कधी गेला नाही. कॉमेंटेटरच्या बोलण्यावर वेगळा गुन्हा दाखल झाला, त्याच्या तारखा पडत राहिल्या. काळं फासण्याच्या प्रकरणात फिर्यादी आणि आरोपींची तडजोड झाली. पुढच्या वर्षी त्याच आयोजकाच्या त्याच स्पर्धेत त्याच कॉमेंटेटरनं कॉमेंट्री केली. बंदोबस्ताला माझीच माणसं होती.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. बोलणारा एकच असतो, तो सापडतोच. त्याला बोलायला लावणारे त्याच्या शेजारी उभे असतात, आणि वारं फिरलं की तेच डबा घेऊन पुढे येतात. तेव्हापासून असली क्लिप आली की मी बोलण्याआधी हसणं ऐकतो. आरोपी शोधायला त्याचा फायदा झाला. बाकी कशाला झाला असं म्हणवत नाही.

आता मी लातूरला राहतो. सकाळी फिरून आलं की कॉलनीच्या कोपऱ्यावर चहाला बसतो. निवृत्त मास्तर असतात, ऑफिसातले असतात, एक-दोन दुकानदार. सगळी भली माणसं, अडीअडचणीला धावून येणारी. मध्यंतरी कुणीतरी टीव्हीवर कुणाच्या तरी रंगावरून काहीबाही बोललं, आणि लोकांनी त्याला गाठलं. मास्तरांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. “बघा साहेब, बरी अद्दल घडवली. तोंड काळं केलं.”

मी म्हणालो, “रंगावरून बोलला म्हणून त्याला काळंच फासायचं?”

“मग काय पांढरं फासायचं होय, साहेब?”

सगळे हसले. मी चहा संपवला. ते हसणं मी ओळखलं होतं.