परातीची चंद्रप्रदक्षिणा

आमच्या सासूबाईंची परात सध्या चंद्राभोवती फिरते आहे.

हे वाचून तुम्ही माझ्या डोक्याची काळजी कराल, म्हणून आधीच सांगतो : डोकं ठीक आहे, दुखतात ते खांदे. (का, ते शेवटी कळेल.)

मी देवासला एका कारखान्यात नकाशे काढतो. पंपांचे! पंचवीस वर्षं पंप काढले की माणसाला एक तर वैराग्य येतं, नाहीतर छंद लागतो. मला छंद लागला. संगणकावर अख्खी सूर्यमाला दाखवणारा एक प्रोग्राम असतो. सूर्य, ग्रह, चंद्र, सगळे जागच्या जागी आणि वेळच्या वेळी. जगभरचे हौशी लोक आपापली यानं बनवून त्यात जोडतात. मीही बनवू लागलो. आधी यानाचा सांगाडा उभा करायचा, मग त्यावर कातडं चढवायचं. कातडं म्हणजे फोटो. खऱ्या धातूचा फोटो काढून सांगाड्यावर गुंडाळला की यान खरं दिसतं.

पण देवासात खरं यान कुठून आणणार? (टेकडीवर देवी आहे, यान नाही.) म्हणून मी स्वयंपाकघरात शिरलो. हवाबंद दाराला कुकरचं झाकण, अँटेनाला पुरणयंत्राची जाळी, अंतराळवीरांच्या खोलीला लाकडी ठशांनी छापलेली बागप्रिंटची चादर!

"अहो, कुकर कुठंय?" माझी बायको मंजिरी ओरडायची.

"फोटोला बसलाय!"

आता थोडं धारबद्दल सांगायला हवं. धार म्हणजे माझी सासुरवाडी. तिथे अप्पा, म्हणजे सासरे, आणि त्यांचे धाकटे भाऊ बाळकाका एकाच गल्लीत समोरासमोर राहतात, आणि बावीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण परात! माझ्या लग्नात सासूबाईंची माहेरची पितळी परात नाहीशी झाली. शेवटची ती शालूकाकूंच्या, म्हणजे बाळकाकांच्या बायकोच्या, हातात दिसली होती. झालं! दोघी जावांनी खिडक्या लावून घेतल्या आणि दोघा भावांना पडदे ओढावे लागले.

सासूबाईंच्या सांगण्यात ती परात दरवर्षी वाढायची. माझ्या लग्नाच्या वर्षी तीत पाच शेर कणीक मळली जायची. दहाव्या वर्षी दहा शेर. परवापरवापर्यंत ती एवढी झाली होती की तीत मंजिरीला न्हाऊ घातलेलं होतं! आणि मी? मी सासूबाईंच्या बाजूचा खंदा वकील. दर दिवाळीला फराळ चापता चापता म्हणायचो, "आई, मला विचाराल तर काकूंनीच नेली!" (जावयाला कुणी विचारत नाही, म्हणून तो आधी 'मला विचाराल तर' म्हणतो.) यावर मला एक चकली जास्त मिळायची.

तर गेल्या वर्षी अप्पांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचा मोठा सोहळा! अप्पांना विचारलं, काय हवं? म्हणाले, "शाल नको, हार नको. बाळ्या माझ्या पंगतीला बसला पाहिजे. बस." आणि भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले. मंजिरीनं बाळकाकांना फोन केला. ते म्हणाले, "येतो बेटा. पण परातीचं नाव निघालं की आम्ही उठलोच म्हणून समज."

सगळ्यांना ताकीद मिळाली. स्वयंपाक्यालासुद्धा! त्या दिवशी त्यानं कणीक मागच्या अंगणात, परात कुणाला दिसू नये अशी लपून मळली.

सोहळ्यासाठी मी एक नामी कल्पना काढली. अप्पांनी हजार चंद्र लांबून पाहिले; हजार-एकावा मी जवळून दाखवणार! माझं नवंकोरं यान भिंतभर पडद्यावर चंद्राभोवती फिरवणार! बावीस वर्षांत सासुरवाडीत माझं नाव झालं होतं ते फक्त एकदा, दुधाच्या पातेल्यात मोबाइल पडला तेव्हा. आता वेगळ्या कारणानं व्हायला हवं होतं.

यान तयार होतं, फक्त बूड राहिलं होतं. पृथ्वीवर परतताना हवेशी घासून यान जळू नये म्हणून त्याच्या बुडाशी एक जाड गोल ढाल असते. तिच्यासाठी मोठं, गोल, जुनं, सोनेरी काहीतरी हवं होतं. मंजिरी शाळेत शिकवायला गेलेली पाहून मी माळ्यावर चढलो. तिथे कोपऱ्यात, चादरीत बांधलेला, आमच्या लग्नातल्या रुखवताचा थर्माकोलचा महाल! मी चादर सोडून तो उचलायला गेलो आणि कळस माझ्या हातात आला. मग एक मजला आला. मग उरलेला महाल आला आणि त्याच्याखालून दिसली एक भली मोठी पितळी परात!

इथे माझ्या डोक्यात दिवा पेटायला हवा होता. पेटला तो मोबाइलचा फ्लॅश. मी परात उपडी केली, फोटो काढले, महालाचे तुकडे तिच्यात भरले, वर चादर बांधली आणि मंजिरी यायच्या आत खाली उतरलो. काठाजवळ कसलेसे बारीक ओरखडे होते. मी खूश! उल्कांचे ओरखडे असेच दिसतात! तो ओरखड्यांचा तुकडा मला इतका आवडला की फरशा बसवाव्यात तसा मी तोच पुन्हा पुन्हा लावून अख्खी ढाल भरून काढली. माझ्या जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर ती काय सुंदर दिसली म्हणून सांगू!

सोहळ्याचा दिवस. धारचं सभागृह गच्च भरलेलं. पूजा झाली, औक्षण झालं. अप्पा पहिल्या रांगेत या टोकाला, बाळकाका-शालूकाकू त्या टोकाला, मध्ये सहा रिकाम्या खुर्च्या. प्रोजेक्टर भाड्यानं आणला होता आणि सोबत त्याचा मालक पप्पूभिया.

दिवे मालवले. चंद्र उगवला. त्यामागून माझं यान डौलात आलं. टाळ्या! सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "आमचे जावई हो!" मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. आणि मग चमत्कार! बाळकाका विरघळले.

"कुंवरसाब, हे परत येताना जळत नाही का?"

(धारकडे जावयाला कुंवरसाब म्हणतात.) खुद्द बाळकाकांनी प्रश्न विचारला! अप्पांचे डोळे चमकले. मला तर पंखच फुटले. "काका, हीच तर खरी गंमत!" म्हणत मी यान उलटं फिरवलं. भिंतभर सोनेरी ढाल झळकली.

"वा भिया वा!" पप्पूभिया म्हणाला. "जरा पास से दिखाओ!"

मी जवळून दाखवलं.

"और पास! वां कंई लिख्यो है!"

"लिहिलं नाहीये हो, उल्कांचे ओरखडे आहेत," मी प्रौढीनं म्हणालो आणि आणखी जवळ गेलो.

उल्कांचं अक्षर सुवाच्य होतं. पप्पूभियानं खणखणीत आवाजात वाचलं, "सौ सुमती वामन, धार." मग तो मोजू लागला. "सौ तो नहीं, भिया, पर चालीस-पचास सुमती तो हैं!"

सभागृहात एक टाचणी पडली असती तर तिलाही लाज वाटली असती. आपल्याकडे नवं भांडं घरात आलं की त्यावर नाव कोरतात, म्हणजे ते हरवू नये. सासूबाईंच्या आईनं मुलीच्या परातीवर ते कोरून घेतलं होतं, आणि मी ते पन्नास वेळा चंद्रावर नेलं होतं.

शालूकाकू उठल्या. बाळकाकाही उठले. अप्पांनी डोळे मिटले.

"वहिनी," काकू म्हणाल्या, "वाचता येतंय ना? का चष्मा देऊ?"

सासूबाई पडद्याकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, ही कुठे मिळाली तुम्हाला?"

"मा... माळ्यावर. रुखवताच्या महालाखाली."

सासूबाई मटकन खाली बसल्या. "अगं बाई! बसमध्ये महाल मोडू नये म्हणून मीच तो परातीवर ठेवून चादरीत बांधला होता! शालूच्या हातातून घेतली आणि..."

"बावीस वर्षं, वहिनी!" काकूंचा आवाज फाटला. "बावीस वर्षं मी परातचोर! समोरून तुमच्या घरातली फोडणी हुंगायची आणि आत यायचं नाही!"

सासूबाई उठल्या. सहा रिकाम्या खुर्च्या एकेक बाजूला सारत त्या टोकाला गेल्या. "शालू, ठेवली मी. चुकले मी. पण..." इथे त्या थबकल्या, आणि मला एकदम थंडी वाजली. "पण बावीस वर्षांत माळा झाडायचा कुणी?"

काकू सावकाश माझ्याकडे वळल्या. "हो ना! कुणी?"

"आणि दर दिवाळीला हेच म्हणायचे, 'मला विचाराल तर काकूंनीच नेली'!"

"अय्या, हेच? वहिनी, तुम्ही भोळ्या हो."

"शालू, तू फार सोसलंस गं."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या. मी सुटलो म्हणून श्वास सोडला, तेवढ्यात मागून मंजिरीचा आवाज आला. "एक मिनिट! महालाखाली होती ना? मग माझ्या महालाचं काय केलंत?"

पंगत बसली. अप्पा आणि बाळकाका मांडीला मांडी लावून. दोघांनी एकमेकांना इतका आग्रह केला की श्रीखंड आमच्यापर्यंत पोचलंच नाही. हात धुताना अप्पा माझ्या कानाशी आले. "जावईबापू, हजार चंद्र पाहिले. पण असा उजेड नाही पडला कधी." माझ्या घशात आवंढा आला. (श्रीखंड नव्हतंच, म्हणजे तो आवंढाच.)

मग शिक्षा सुनावली गेली. शालूकाकू न्यायाधीश. "भांडं रिकामं परत करायचं नसतं. कुंवरसाब परात घेऊन येतील आणि दोन्ही घरांच्या बाफल्यांची कणीक तिच्यात स्वतः मळतील."

"एकदाच ना?" मी विचारलं. (बाफले म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे; त्यांची कणीक घट्ट मळावी लागते.)

"अप्पांनी हजार पौर्णिमा पाहिल्यात," सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या. "पुढच्या सगळ्या साजऱ्या करायच्या."

यानावरचं नाव मी पुसणार होतो. "खबरदार!" सासूबाई कडाडल्या. "राहू दे. आणि शालूचं घंगाळ इंजिनाला लावा, तिचंही नाव आहे त्यावर." तेही लावलं. परदेशातल्या एका हौशी माणसानं मला निरोप पाठवून विचारलं की या दोन थोर शास्त्रज्ञ कोण? मी कळवलं, "आमच्या मोहिमेच्या संचालिका."

आणि मी? दर पौर्णिमेला धारच्या अंगणात बसतो. एका ओट्यावर सासूबाई, समोरच्या ओट्यावर काकू. "इकडून कोरडी राहिली!" की मी तिकडून इकडे. "तिकडून सैल झाली!" की मी इकडून तिकडे. डोक्यावर पूर्ण चंद्र असतो. वर त्याच्याभोवती परात फिरते, आणि खाली परातीभोवती मी!