‘भरलीस गो’ म्हणजे काय

पोलादपूरची माझी आत्या मला दारात पाहिलं की म्हणायची, ‘‘भरलीस गो!’’ झालं, माझा दिवस गेलाच. मला ऐकू यायचं, ‘जाडी झालीस.’ तिच्याकडे मी चिमणीसारखं खायची आणि महाडला घरी परतल्यावर स्वयंपाकघराचं दार लोटून हाताला लागेल ते अधाशासारखं. नंतर मोरीत सगळं ओकून टाकायचं. आई विचारायची, पित्त झालं का गं? मी हो म्हणायची. कॉलेज संपेपर्यंत या पित्तानेच माझी अब्रू राखली.

पित्ताच्या गोळ्यांनी गुण येईना, तेव्हा आमच्या डॉक्टरांना संशय आला आणि त्यांनी पुण्याला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे धाडलं. मला वेडी समजले म्हणून अख्खा वरंध घाट मी एस.टी.त फुरंगटून बसले होते. बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बुलिमिया. आधी ठरल्या वेळी जेवायची सवय लावली आणि मग माझ्या एकेका विचाराची वकिलासारखी उलटतपासणी सुरू केली.

‘‘भरलीस म्हणजे जाडी झालीस, हे आत्यानं सांगितलं की तुम्ही ठरवलंत?’’

‘‘मला मराठी येतं,’’ मी फणकाऱ्याने म्हटलं.

‘‘मग विचारूनच या.’’

बरेच दिवस टाळलं. शेवटी गेले. आत्या दारातच म्हणाली, ‘‘भरलीस गो!’’ मी चपलाही न काढता विचारलं, ‘‘आत्ये, मी जाडी झाले का?’’

‘‘जाडी? कुठं गो?’’ तिने मला वरून खाली न्याहाळलं. ‘‘काडी हायस नुसती.’’

‘‘मग भरलीस का म्हणतेस?’’

‘‘मंग काय म्हनू? दारात आलेल्या पोरीला सुकलीस म्हनलं, तर तुझी आयस तुला खायाला घालीत नाय, असाच अर्थ झाला ना? तिला बोल लागंल!’’

मी हसत सुटले, हसता हसता रडले. इतकी वर्षं मी ज्या शब्दापायी जिवाचे हाल केले, तो माझ्या आईचा मान राखायला बोललेला होता! बाई जिंकल्या होत्या, आणि हरल्याचा मला कोण आनंद झाला होता.

दुपारी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी पोटभर जेवले. हात धुतल्याबरोबर ती जुनी भीती उसळलीच, शब्दाचा अर्थ कळला म्हणून ती थोडीच जाते? पण बाईंनी सांगितलं होतं, भीती चढते तशी उतरतेही, उतरेपर्यंत कुणाजवळ तरी बसायचं. मी ओटीवर आत्याजवळ लसूण सोलत बसले. ती शेजारणीच्या सुनेच्या कागाळ्या सांगत होती. घशाशी येत होतं, मी लसूण सोलत होते. भीती चढली, रेंगाळली आणि खरंच उतरली. मी जागची हलले नाही.

दिवेलागणीला पोटात काहीतरी कुरकुरलं. मी दचकले. मग ओळख पटली. भूक होती ती, साधी, सगळ्यांना लागते तशी.

‘‘आत्ये,’’ मी आत हाक मारली, ‘‘जेवायला वाढतेस का गो?’’