नाव शेवटी

स्वतःच्या नावाविषयी इतकी कंजूस बाई उभ्या वर्धा जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही. मी अर्जनवीस, माझ्या लेखी नावावाचून मनुष्य पुरा होत नाही. कारंज्याजवळच्या पारधी बेड्यावरची, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरची, ही मावशी कचेरीसमोरच्या माझ्या टेबलाशी वर्षानुवर्षे येते. खुर्ची दिली तरी खाली बसते, माझ्या डब्यातले लोणचे हक्काने संपवते आणि तक्रार अगदी मुळापासून सांगते. हातपंपाच्या अर्जात तिने पंपाआधीच्या विहिरीचा आणि तीत पडलेल्या बकरीचा साद्यंत वृत्तांत घालायला लावला होता. मात्र 'अर्जदाराचे नाव' म्हटले की गप्प. फारच आग्रह केला तर दर अर्जाला निराळे नाव: कधी लक्ष्मी, कधी शेवंता, एकदा तर खुद्द माझ्या पत्नीचे. हे कायद्यात बसत नाही, असे मी बजावले तेव्हा ती म्हणाली, "पंप तं तोच हाय ना, भाऊ? मंग नावाचं काऊन धरून बसले?"

गेल्या साली तिच्या सुनेला सातवा महिना लागला आणि पाय सुजले. सून दवाखान्याची पायरी चढायला तयार नव्हती. त्याच सुमारास मोबाइलवरून डॉक्टरांचा सल्ला मिळण्याची सोय तयार करणारी मंडळी बेड्यांवरच्या लोकांचे मत घ्यायला आली. मावशीला सभेत मीच नेले. तिथल्या मॅडमनी फोन तिच्यापुढे धरला. पहिल्याच पानावर नाव, गाव, आधार क्रमांक. मी वाचून दाखवताच मावशीने फोन परत सरकवला.

"पह्यले नाव इचारते तो पोलीस, बाई. चोरी कुठंबी होवो, जीप आमच्याच बेड्यावर येते. डाक्टर पह्यले इचारते, कुठं दुखून राह्यलं."

मॅडम म्हणाल्या, "मग नाव कधी विचारायचं, मावशी?"

"ज्याचं दुखते त्याचं ऐकून घेतल्यावर."

मॅडमनी ते वहीत उतरवले; बरोबर उतरवले, हे मी डोकावून पाहिले.

पुढच्याच आठवड्यात बदललेले पान घेऊन त्या माझ्या टेबलाशी आल्या. मावशीने सोबत आणलेल्या सुनेने घाबरत फोन धरला. आधी त्रास विचारला गेला. मग पडद्यावर डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी पाय पाहिले, डोके दुखते का विचारले आणि आजच दवाखान्यात यायला सांगितले. "मी तिथे कळवून ठेवते. आता नाव सांग. आणि सोबत कोण येणार?"

सुनेने सासूकडे पाहिले. मावशीने आधी सुनेचे नाव सांगितले, मग घसा खाकरून स्वतःचे. माझ्या एकाही अर्जात ते नव्हते.

नात सुखरूप झाली. तिचे नाव मावशी बाजारात कोणीही न विचारता सांगत फिरते. मावशीचे स्वतःचे नाव मी येथे लिहीत नाही. ते तिने मला नव्हे, डॉक्टरांना सांगितले होते.